मोत्यानं आंब्याची कोय गिळली, काय करू? (तालुका घाटंजी)

कपाशीवाला (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ८.५०

मंडळी, घाईत लिहितो आहे. आज पाहुणे होते, आमरस होता. कोयी बादलीत टाकल्या आणि बादली मागच्या पडवीत तशीच राहिली. आमचा मोत्या, गावठी कुत्रा, चार वर्षांचा, त्यानं बादलीत तोंड घातलं. मी ओरडलो. ओरडलो म्हणूनच बहुतेक, त्यानं तोंडातली कोय न चावता गटकन गिळली. गावरानी आंबा आहे, कोय माझ्या अंगठ्याहून थोडी लांब, जाडीला दीड बोट.

पाऊण तास झाला. आत्ता तरी शेपूट हलवतो आहे, माझ्या पायाशी बसला आहे.

घरात प्रत्येकाचं वेगळं. आई म्हणते, "त्याले मीठपाणी पाज बापा, उलटून पडंल." शेजारचे काका म्हणतात, पावशेर गोडं तेल पाज, घसरून जाते. पाहुणे म्हणतात केळी चार. तालुक्याच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. कोणाचं ऐकू?

पशुसेवक_निवृत्त | रात्री ९.०२

कोणाचंच नको ऐकू. मीठपाणी नको, तेल नको, केळी पण आत्ता नको. आईला सांग, मी सांगितलं म्हणून.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो, डॉक्टर नाही, पण ३१ वर्षं दवाखान्यात आणि गोठ्यांत काढली. तीन गोष्टी पाहून लगेच लिही.

१. घास गिळल्यासारखा पुन्हा पुन्हा करतो का, मान लांब करतो का, तोंडाला फेस आहे का?
२. पाणी ठेवलं तर पितो का, आणि प्यायलेलं पाणी लगेच परत येतं का?
३. वजन किती?

पहिल्या दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर कोय अन्ननळीत अडकली आहे. मग रात्र असो की पाऊस, गाडी काढायची.

कपाशीवाला | रात्री ९.२०

काका, फेस नाही, मान नीट आहे. पाणी प्यायला आणि ते आतच राहिलं. वजनासाठी कापूस मोजायच्या काट्याला पोतं टांगून त्यात बसवला, १७ किलो भरला. बिचारा काही बोलला नाही.

रोही_जागल | रात्री ९.२८

आमच्या इथं मीठपाणीच देतात. मागं आमच्या काळ्यानं चपलेचा पट्टा गिळला होता. दोन मुठी मीठ तांब्यात कालवून पाजलं, दहा मिनिटांत पट्टा बाहेर. उगीच घाबरवू नका काका पोराला.

शल्य_अकोला | रात्री ९.४५

मी अकोल्याला पशुवैद्यकीय संस्थेत पदव्युत्तर शिकते, विषय शल्यचिकित्सा. रोहीदादा, तुमचा काळ्या वाचला याचा मला आनंदच आहे. पण दोन मुठी मिठानं कुत्र्याचा जीव कसा जातो ते मी टेबलावर पाहिलं आहे. मीठ रक्तात उतरलं की मेंदूतल्या पेशींतलं पाणी ओढलं जातं. आधी उलट्या, मग कुत्रा झोकांड्या खातो, मग झटके. कुत्र्यानं गिळलेली वस्तू साधी असते आणि मालक त्याला मिठानं मारतो. उलटी झाली नाही तर लोक आणखी पाजतात, तिथं तर फारच वाईट होतं.

तेलाबद्दल: जबरदस्तीनं पाजलेलं तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि ती कोयीपेक्षा अवघड. शिवाय कोय तेलानं घसरून जाईल असं काही नसतं. जठरातून आतड्यात जायचं दारच अरुंद असतं.

कपाशीवालादादा, हे लक्षपूर्वक वाचा. उलटी करवणं हा उपाय आहे, पण तो डॉक्टरच्या हातचा आणि गिळल्यापासून साधारण दोन तासांच्या आतला. त्यातही काय गिळलं हे पाहून. टोकदार वस्तू, अ‍ॅसिड, कॉस्टिक, रॉकेल, पेट्रोल यांत उलटी करवायची नसते. जाताना जे भाजतं किंवा फाटतं ते येताना पुन्हा भाजतं, आणि रॉकेल तर फुप्फुसात जातं. कुत्रा गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तरी नाही. तुमच्या केसमध्ये कोय मोठी आहे, वर येताना अन्ननळीत अडकू शकते. म्हणून घरी प्रयत्न नकोच.

नेटवर "हायड्रोजन पेरॉक्साइड पाजा" असं वाचाल. ते माप ३ टक्क्यांच्या द्रावणाचं असतं. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये जखम धुवायला जी बाटली मिळते ती बऱ्याचदा २० व्हॉल्यूमची, म्हणजे साधारण ६ टक्क्यांची असते. तेच माप टाकलं तर दुप्पट जातं, जठराला जखमा होतात.

कपाशीवाला | रात्री १०.०५

ताई, आता दोन तास होतच आले. यवतमाळला नेलं तरी साडेअकरा वाजतील. मग काय करू?

शल्य_अकोला | रात्री १०.१५

मग आता नजर ठेवायची. काही कोयी बाहेर पडतात, विशेषतः लहान कोय आणि मोठा कुत्रा असेल तर. काही जठरात पडून राहतात, कधी कधी आठवडे, आणि एके दिवशी आतड्यात उतरून बूच बसावं तशा बसतात. म्हणून "दोन दिवस झाले, काही नाही झालं" असं म्हणून विसरायचं नाही.

रात्री जेवण थोडं, नेहमीचंच. पाणी ठेवा. शी कुठं करतो ते पाहा, काडीनं उकलून पाहा, लाज नाही त्यात. उद्या डॉक्टरांना पोट दाखवून घ्या. आणि लगेच निघायचं कधी: वारंवार उलटी, पाणीही न टिकणं, शी बंद किंवा नुसता चिकटा पडणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय टाकून मागचा भाग वर ठेवून बसणं.

दुखतंय असं वाटून घरातली गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, पॅरासिटामॉलनं यकृत जातं.

पशुसेवक_निवृत्त | रात्री १०.२२

डॉक्टर ताईंनी सांगितलं तसं कर. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर आहे. गाडी मुख्यतः गाई-म्हशींसाठी असते, तरी सकाळी लावून विचार, फोनवर तालुक्यात आज कोण आहे एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

दर्यापूरची_लेक | रविवार, सकाळी ७.४०

रात्री वाचलं, मोत्याची काळजी वाटली. आमचं सांगते, कोणाला उपयोग झाला तर.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बैलाची झूल शिवत होते. दाभणाला नाही, साध्या मोठ्या सुईला दोरा ओवलेला. चहा टाकायला उठले तेवढ्यात चिंगीनं (आमची कुत्री, लहान चणीची आहे, ८ किलो) झुलीच्या गोंड्याशी खेळता खेळता सुई-दोरा गिळला. तोंडातून वीतभर दोरा लोंबत होता. सासूबाई म्हणाल्या ओढ. मी हात घातलाही होता, पण दोरा ताठ लागला आणि ती कळवळली, म्हणून सोडला.

अमरावतीला नेल्यावर डॉक्टरांनी जिभेखाली पाहिलं. दोऱ्याचा फास जिभेच्या मुळाशी बसला होता, सुई अन्ननळीत आडवी होती. ते म्हणाले, ओढला असता तर सुईनं अन्ननळी चिरली असती. आणि दोरा आत लांबवर गेलेला असता तर ओढताना आतडं चुणीसारखं गोळा होऊन कापलं गेलं असतं. त्यांनी भूल देऊन वरूनच काढली. शी करताना मागून दोरा दिसला तरी हेच, ओढायचा नाही, बाहेर आलेला तेवढा कात्रीनं कापायचा आणि दवाखाना.

सुई एक्स-रेत लख्ख दिसली. दोरा दिसत नाही.

तूर_वाशीम | रविवार, दुपारी १२.१०

ताई, तुमची चिंगी वाचली. माझा वाघ्या नाही वाचला आणि चूक माझी होती, म्हणून इथं लिहितो.

घरात सोयाबीनची थप्पी होती, उंदीर फार झाले होते. दुकानातून काळी पावडर आणली, कागदाच्या पुडीत बांधून दिलेली. ना डबा, ना नाव. पिठात तेल घालून गोळ्या केल्या, थप्पीच्या मागं ठेवल्या. पोत्यांच्या सांदीतून वाघ्यानं दोन-तीन खाल्ल्या. मला लगेच कळलं. धावत घरात गेलो आणि वाटीभर दूध आणि अर्धी भाकर त्याला घातली. विष थंड होईल, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यानं माझ्या हातून खाल्लं. मी दिलं म्हणून खाल्लं.

तासाभरात पोट फुगलं, उलट्या, आणि उलटीला कुजक्या मासळीसारखा वास. मी त्याला खोलीत घेऊन दार लावून बसलो होतो, पोरं घाबरतील म्हणून. माझंही डोकं दुखायला लागलं, मळमळलं. संध्याकाळपर्यंत वाघ्या गेला. डॉक्टर फोनवर विचारत होते कोणतं औषध, नाव सांगा, आणि माझ्याजवळ नुसता कागद होता.

हे का झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. दूध वाईट कसं?

शल्य_अकोला | रविवार, दुपारी २.३०

दादा, तुम्ही जिवापाड केलं. जे ऐकलं होतं ते केलं. पण विचारलंत म्हणून सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे दर पावसाळ्याच्या तोंडाशी हे घडतं.

काळी-करडी पावडर म्हणजे बहुधा झिंक फॉस्फाइड. ती स्वतः तेवढी मारत नाही. जठरातल्या आम्लाशी मिसळली की फॉस्फीन वायू तयार होतो, तो मारतो. पोटात अन्न पडलं की आम्ल सुटतं, आम्ल सुटलं की वायू वाढतो. म्हणून यात दूध, भाकर, काहीच घालायचं नाही. उलटीतूनही तोच वायू येतो, त्यामुळे कुत्रा मोकळ्या हवेत ठेवायचा आणि वारा आपल्याकडून कुत्र्याकडं जाईल अशा बाजूला आपण उभं राहायचं. तुमचं डोकं दुखलं ते त्यामुळेच. याला उतारा नाही, दवाखान्यात आम्ल कमी करायची औषधं, सलाईन आणि लक्षणांवर उपचार, एवढंच हातात असतं.

दुसरं उंदरांचं औषध म्हणजे रंगीत वड्या, ब्रोमॅडिओलोनच्या. त्यात उलट फसवणूक होते. खाल्ल्यावर कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत असतो. मालक म्हणतो पचलं. मग हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, काळी शी, धाप. रक्त गोठवणारे घटक शरीरात तयार व्हायचे थांबलेले असतात, शिल्लक साठा संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. याला उतारा आहे, व्हिटॅमिन के-१, पण तीन-चार आठवडे द्यावं लागतं आणि के-१च, के-३ चालत नाही. वडी खाताना पाहिलंत तर लक्षणांची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

तिसरं वावरातलं. फवारणीची ऑर्गेनोफॉस्फेट औषधं, आणि ज्याला आपण थिमेट म्हणतो ते दाणेदार फोरेट. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२०पासून बंदी आहे, तरी जुनी पिशवी गोठ्याच्या माळ्यावर निघते. लक्षणं ओळखू येतात: तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, लघवी-शी सुटणं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगावरचे स्नायू थरथरणं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली, तेव्हा अ‍ॅट्रोपिनचं म्हणजे याच्या उताऱ्याचं नाव गावागावात झालं होतं. कुत्र्यालाही तेच लागतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जनावरांच्या दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन सहसा असतं कारण बैलांना अशी विषबाधा होत असते. औषध अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवायचं, नाहीतर कुत्रा चाटतो आणि आपल्यालाही लागतं.

दूध-तूप यांनी यातलं कोणतंच विष मरत नाही.

आणि दुकानदार सुटी पुडी देत असेल तर घेऊ नका. पाकीट, बाटली, निदान लेबलचा फोटो डॉक्टरांपुढं आला तर उपचार अंदाजानं करावे लागत नाहीत.

मेडिकलवाला_आर्णी | रविवार, दुपारी ३.१५

यात बियाणं पण धरा. पेरणी तोंडावर आहे. कपाशीच्या पाकिटातलं बी रंगवलेलं असतं, त्याला कीटकनाशक आणि बुरशीनाशक चोळलेलं असतं. उरलेलं अर्धं पाकीट खुंटीला टांगतात, मांजर पाडते, कुत्रा फोडतो. गेल्या वर्षी दोन जण विचारायला आले होते.

रोही_जागल | रविवार, सायंकाळी ६.००

डॉक्टर ताई, मिठाचं मले खरंच माहीत नव्हतं. काल थोडं तोडून बोललो, मनावर घेऊ नका. काळ्या अजून आहे, पण पुन्हा नाही देणार.

वाशीमच्या भाऊ, वाचून गलबलून आलं.

कपाशीवाला | रविवार, रात्री ८.३०

मोत्या दिवसभर ठीक. दोन वेळा जेवला, एकदा शी केली, कोय नाही. १९६२ला फोन लागला, त्यांनी तालुक्यात कोण आहे ते सांगितलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले हाताला लागत नाही, नजर ठेवा, उलटी सुरू झाली तर थांबू नका. आईनं बादली धुऊन माळ्यावर टाकली आहे.

तिवसा_शेतकरी | रविवार, रात्री ९.१०

धाग्याशी संबंधित आहे म्हणून इथंच विचारतो. आमचा राजा कालपासून तोंड मिटवत नाही. जबडा खाली लोंबतो, लाळ गळते, भुंकायला गेला तर घोगरा आवाज. खायला जातो पण गिळता येत नाही. परवा घरी कोंबडी होती, हाड अडकलं असावं. मी टॉर्चनं पाहिलं, काही दिसलं नाही. हात खोलवर घालून चाचपून पाहू का? चावणारा नाही, अगदी गरीब आहे.

पशुसेवक_निवृत्त | रविवार, रात्री ९.१४

हात घालू नको. घालू नको. आधी हे वाच.

हाड अडकलेला कुत्रा पंजानं तोंड खाजवतो, डोकं झटकतो, तडफडतो. हाड टाळूला आडवं बसतं आणि टॉर्चनं सहसा दिसतं. जबडा लुळा पडून लोंबणं, आवाज बदलणं, गिळता न येणं, गरीब होऊन कोपऱ्यात बसणं, हे मुक्या रेबीजचं चित्र आहे. लोकांना वाटतं पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून चावणारा. बऱ्याचदा त्याच्या उलट असतं. जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून तो चावतही नाही, आणि घरातला माणूस मायेनं त्याच्या तोंडात हात घालतो.

नोकरीला लागून थोडी वर्षं झाली होती तेव्हा मी स्वतः घातला होता. मालक म्हणाला हाड अडकलं, मी कोपरापर्यंत बाह्या सारल्या. नखाजवळ खरचटलेलं होतं. हाड नव्हतंच. कुत्रा तीन दिवसांत मेला. आमच्या डॉक्टरांनी मला हाताला धरून नेलं आणि इंजेक्शनं सुरू केली. ती सुरू नसती केली तर आज हे लिहायला मी नसतो. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आता सांग. राजाला रेबीजची लस दिली होती का? गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्यानं किंवा कोल्ह्यानं चावलं होतं का? लाळ कोणाच्या अंगाला लागली?

तिवसा_शेतकरी | रविवार, रात्री ९.३५

लस नाही दिली. दीड-दोन महिन्यांपूर्वी जागलीवर असताना कशाशी तरी भांडून आला होता, कानाला जखम होती, हळद लावली होती. काल माझ्या पोरीनं त्याचं तोंड पुसून दिलं. तिच्या बोटाला विळीचं कापलेलं आहे.

पशुसेवक_निवृत्त | रविवार, रात्री ९.३८

राजाला एकट्या खोलीत बंद कर, पाणी दारातून सरकव, कोणी जवळ जायचं नाही. पोरीचा हात आत्ताच्या आत्ता नळाखाली साबणानं १५ मिनिटं धू. घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही, पट्टी बांधायची नाही. सकाळी सरकारी दवाखान्यात. उघड्या जखमेला लाळ लागली आहे, तेव्हा लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल, तसं स्पष्ट सांगायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर जिल्हा रुग्णालय. ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे. आणि कुत्र्यासाठी तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव. त्यांना दारातच सांग की रेबीजची शंका आहे.

मी रात्रभर फोनजवळ आहे. इथं लिही.

तिवसा_शेतकरी | रविवार, रात्री १०.२०

हात धुतला. घड्याळ लावून. पोरगी रडत होती, राजाजवळ जायचं म्हणून.

कपाशीवाला | सोमवार, पहाटे ५.३५

पहाटे तीनपासून मोत्याच्या चार उलट्या. पहिल्या दोन जेवणाच्या, मग पिवळं पाणी. आता प्यायलेलं पाणी पाच मिनिटांत परत येतं. पोटाला हात लावला तर मान वळवून माझ्याकडं पाहतो.

शल्य_अकोला | सोमवार, पहाटे ५.५०

निघा. कोय आतड्यात उतरलेली असू शकते. यवतमाळला एक्स-रे, सोनोग्राफी होत असेल तर आधी तिथं, पण शस्त्रक्रियेची सोय आहे का ते फोनवरच विचारून घ्या. नसेल तर थेट नागपूर किंवा अकोला. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, १९५८पासूनचं कॉलेज, तिथं शल्यविभाग आहे. काही खाऊ-पिऊ घालू नका, भूल द्यावी लागेल. कधी गिळली, किती मोठी, उलट्या कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. तशीच एखादी कोय मिळाली तर सोबत न्या, आकार कळतो.

कपाशीवाला | सोमवार, रात्री ९.१५

आता बसलो निवांत. सगळं सांगतो.

यवतमाळला एका ठिकाणी एक्स-रे काढला. ते म्हणाले काही दिसत नाही, गॅस आहे, इंजेक्शन देतो, घरी न्या. ताईंनी धाग्यावर लिहिलं नसतं तर मी घरीच आणला असता. मी हट्ट धरला, तर म्हणाले तुमची मर्जी. गाडीवाल्याला सांगितलं नागपूर. दीडशे किलोमीटर मोत्याचं डोकं मांडीवर. वर्ध्याच्या पुढं त्यानं उलटी करणंही सोडलं, नुसता पडून होता. तेव्हा फार भीती वाटली.

नागपूरच्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे उजेडात धरून दाखवला. कोय स्वतः हाडासारखी ठळक दिसत नाही, पण तिच्या मागचं आतडं फुगून सायकलच्या ट्यूबसारखं झालेलं आणि पुढचं रिकामं, ते दिसतं. सोनोग्राफीत कोयीची कड आणि तिच्या मागं काळी सावली दिसली. आधी सलाईन लावलं, दोन तास. म्हणाले, इतकं पाणी गेलेल्या कुत्र्याला सरळ भूल देता येत नाही. मग ऑपरेशन. आतडं लाल झालं होतं पण मेलं नव्हतं, म्हणून तुकडा काढावा लागला नाही, छेद देऊन कोय काढली आणि शिवलं. उशीर झाला असता तर तेवढं आतडं कापून जोडावं लागलं असतं.

शुद्धीवर आला. मला पाहून शेपूट हलवायचा प्रयत्न केला, जोर नव्हता.

दर्यापूरची_लेक | सोमवार, रात्री ९.३०

देवा. डोळे भरले वाचून. जेवला का तुम्ही काही?

शल्य_अकोला | सोमवार, रात्री १०.००

फार छान केलंत, हट्ट धरलात ते. आता पुढचे पाच दिवस जपायचे. आतड्याचा टाका सुटण्याची भीती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त असते. बरा वाटतोय म्हणून मोकळा सोडू नका. ताप, पुन्हा उलटी, पोट ताठ, अंगात त्राण नाही, यातलं काहीही दिसलं तर परत न्यायचं. खाणं डॉक्टर सांगतील तेव्हापासून, थोडं थोडं, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण किंवा उकडलेली कोंबडी, हाड नाही. कांदा-लसूण कुत्र्याला एरवीही नको, त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. वरणाला फोडणी न घालता काढा.

तिवसा_शेतकरी | गुरुवार, दुपारी १.००

मोत्या सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

राजा काल रात्री गेला. डॉक्टर सोमवारीच येऊन लांबून पाहून गेले होते, म्हणाले रेबीजच वाटतो. आम्ही घरातले पाचही जण इंजेक्शनं घेतो आहे. पोरीला इम्युनोग्लोब्युलिन जिल्हा रुग्णालयात मिळालं. आज तिचा दुसरा डोस झाला. काका, तुम्ही रविवारी "घालू नको" असं दोनदा लिहिलं होतं. मी तेव्हा बाही वर सारून बसलो होतो.

पशुसेवक_निवृत्त | गुरुवार, दुपारी १.२५

राजासाठी वाईट वाटतं. पोरीला सांग, तिनं त्याचं तोंड पुसलं ते प्रेमानं पुसलं, तिची काही चूक नाही.

डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. लोक तीन घेतात आणि पेरणीच्या घाईत चौथा विसरतात. कॅलेंडरवर लाल पेनानं गोल कर. राजाची लाळ सांडलेली जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धू, हातमोजे घालून. त्याच्या संपर्कात आलेली दुसरी कुत्री-मांजरं असतील तर डॉक्टरांना सांग.

कपाशीवाला | पंधरा दिवसांनी, शुक्रवार, सायंकाळी ७.१०

आज मोत्याचे टाके काढले. पहिले दहा दिवस पडवीत दोरीनं बांधून ठेवला, त्यानं दोरी चावायचा प्रयत्न केला म्हणून साखळी आणली. वजन १७वरून १४ झालं होतं, आता १५. कापसाच्या काट्यावर आपणहून जाऊन बसतो.

कोयी आता खाल्ल्याबरोबर मोजून गाईच्या गव्हाणीच्या मागं खड्ड्यात पुरतो. गोठ्याच्या माळ्यावर चढून पाहिलं, तर थिमेटची जुनी अर्धी पिशवी सापडली. वडिलांच्या काळातली. कोणाच्या हाती लागणार नाही अशी पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवली आहे. तिचं पुढं काय करायचं ते कृषी सहायकांना विचारलं आहे.

पशुसेवक_निवृत्त | शुक्रवार, सायंकाळी ७.४०

उत्तम. पिशवी विहिरीत किंवा नाल्यात टाकली नाहीस हे बरं केलंस.

एक राहिलं. मोत्याला रेबीजची लस?

कपाशीवाला | शुक्रवार, सायंकाळी ७.५२

टाके काढताना डॉक्टरांना विचारलं. म्हणाले अशक्त आहे, अजून आठ दिवसांनी आणा. पुढच्या शनिवारी नेतो. शेजारच्या काकांची दोन कुत्री आणि समोरच्या घरची एक, अशी चौघं एकाच गाडीत नेणार आहे. काकांनी स्वतःच विचारलं.

तिवसा_शेतकरी | शुक्रवार, रात्री ८.३०

पोरीचा शेवटचा डोस दहा दिवसांवर आहे. गोल केला आहे कॅलेंडरवर.